प्राग ते पोद्येब्रदी, पायी

‘हृदयासाठी पोद्येब्रदी’ हे वाक्य चेक देशात शाळकरी पोरालाही पाठ असते. ज्याचे काळीज कुरकुर करू लागले त्याने प्रागच्या पूर्वेला पन्नास किलोमीटरवर, लाबे नदीच्या काठी असलेल्या या गावी यावे, वेळेवर पेला भरून इथल्या झऱ्याचे पाणी प्यावे, बागेतून सावकाश फिरावे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा निजावे, असा इथला शंभराहून अधिक वर्षांचा शिरस्ता आहे. या पाण्याची कथा तर आपल्याकडचीच वाटावी अशी. 1905 साली एक जर्मन सरदार इथे पाहुणा आला. गृहस्थ पाणाडी होता. हातात काडी धरून तो किल्ल्याच्या आवारातून हिंडला, एके जागी थबकला आणि म्हणाला, ‘इथे खणा.’ खणले, आणि सुमारे 97 मीटरवर बुडबुडे येणारे खनिज पाणी लागले. 1908 पासून गाव आरोग्यस्थान म्हणून नावारूपाला आले. ते पाणी मी प्यायलो. सोड्याच्या बाटलीत रात्रभर खिळे भिजत घातले तर जशी चव लागेल तशी लागते. पण हृदयरोग्यांना चवीचे लाड कोण करू देतो?

गावाच्या नावाचा उच्चार मात्र हृदयाला नव्हे तरी जिभेला व्यायाम देणारा आहे. ‘पोद्येब्रदी’ असे मी लिहिले आहे खरे, पण त्यातला ‘द्ये’ आपल्या ‘द्ये’पेक्षा अधिक मऊ, टाळूला जीभ चिकटवून काढायचा. माझा धंदा भाषेचा असल्यामुळे मला असल्या गोष्टींत गोडी. चेक भाषेला सात विभक्त्या आहेत आणि त्यांचे आकडे ऐकले तर संस्कृतच्या तासाला बसल्याचा भास होतो : द्वा, त्रझी, च्तिरझी, प्येत. वर्गात विभक्तीच्या नावाने कपाळाला आठ्या घालणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी आता सांगणार आहे, की बाबांनो, तिथे ट्रामचे तिकीट काढतानासुद्धा विभक्ती लागते.

गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. घोड्यावर बसलेला यिर्झी राजा आहे. तो 1458 साली बोहेमियाच्या गादीवर निवडून आला. ‘निवडून’ हा शब्द मुद्दाम लिहिला. नदीकाठचा किल्ला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या गावातल्या निवासी शाळेत वाक्लाव हावेल आणि चित्रपट-दिग्दर्शक मिलोश फोरमन हे दोघे शिकत होते. फ्रान्झ काफ्काची आई याच गावची. आगगाडीच्या स्टेशनापासून राजाच्या पुतळ्यापर्यंत एक लांबलचक बाग पसरली आहे आणि तिच्यात फुलांचे घड्याळ आहे. पण मी तिथे गेलो तो यांपैकी कशासाठीही नाही.

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे गेली आठ वर्षे म्लादा बोलेस्लाव या गावी राहतात. मेहुणे पूर्वी औरंगाबादेच्या श्कोडा मोटारींच्या कारखान्यात होते, तिथून त्यांना मूळ कारखान्यात नेले. बहीण चेक भाषा सफाईने बोलते. भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकी. 2025 च्या उन्हाळी सुटीत मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, “दादा, किल्ले आणि चर्च काय, सगळेच दाखवतात. मी तुला एक माणूस दाखवते.” तो माणूस म्हणजे तिच्या घरमालकिणीचे वडील. वय वर्षे पंच्याऐंशी. सतराव्या वर्षापासून चालण्याच्या शर्यतीत उतरलेले आणि अजून रोज सकाळी बागेच्या दोन फेऱ्या मारल्याशिवाय कॉफीला न शिवणारे.

चालण्याची शर्यत म्हटली की आपल्याकडे अजूनही लोक हसतात. त्यात हसण्यासारखे आहेही. कमरेला झोके देत, कोपरे मागेपुढे हाणत माणूस असा लगबगीने निघतो, की त्याला गाडी गाठायची आहे पण धावायची लाज वाटते आहे असे वाटावे. नियम दोनच. एक, कोणता ना कोणता पाय सदैव जमिनीला टेकलेला हवा, निदान पंचाच्या उघड्या डोळ्यांना तसा दिसायला हवा. दुसरा, पुढचा पाय जमिनीला लागल्यापासून शरीर त्याच्यावर सरळ उभे येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. वाटेवर पंच उभे असतात. तिघा वेगवेगळ्या पंचांनी लाल शेरा मारला की चालणारा बाद. एवढे सांभाळून चांगले खेळाडू तासाला पंधरा किलोमीटर जातात. तुम्हीआम्ही जीव घेऊन पळालो तरी तो वेग दहा मिनिटे टिकायचा नाही.

गंमत अशी, की या खेळाचे तीर्थक्षेत्र म्हणजे हेच हृदयरोग्यांचे गाव. प्राग ते पोद्येब्रदी ही पन्नास किलोमीटरची चालण्याची शर्यत इकडे फार जुनी. आणि अलीकडे, 2017, 2021, 2023 व 2025 या वर्षांतल्या युरोपीय सांघिक स्पर्धाही इथेच, त्याच बागेत झाल्या. ज्या वाटेवरून डॉक्टर रोग्यांना ‘सावकाश, सावकाश’ म्हणून फिरवतात, त्याच वाटेवरून युरोपातले सर्वांत घाईचे पाय धडधडत जातात.

आजोबांचे घर स्टेशनच्या बाजूला, बागेला लागून. आजीबाईंच्या वडिलांचे ते घर. नोकरी संपल्यावर दोघे प्राग सोडून इथे आले. आजोबा बारकेसे, सरळ, खिळ्यासारखे. आजी उंच, चष्मेवाल्या, बोलताना शब्द निवडून बोलणाऱ्या. बैठकीच्या खोलीत कपाटभर काचेची भांडी : कापीव नक्षीची, जाड बुडाची. मला वाटले, या भागात काचेचे कारखाने, आजींना हौस असेल. आजी म्हणाल्या, “ही याची बक्षिसं. पैसे द्यायचे नसत, कारण आमचे खेळाडू हौशी होते ना! म्हणून भांडी. एके वर्षी तीन फुलदाण्या आल्या. फुलं घ्यायला पैसे नव्हते.”

आजोबांची पहिली आठवण रेडिओची. जुलै 1952, हेलसिंकीचे ऑलिंपिक. ते बारा वर्षांचे होते. त्या ऑलिंपिकमध्ये एमिल झाटोपेकने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या हे जगाला माहीत आहे. आजोबांच्या मनात मात्र दुसराच माणूस बसला : पन्नास किलोमीटर चालण्यात दुसरा आलेला योसेफ दोलेझाल. इटलीच्या दोर्दोनीच्या मागे तो अवघी दोन मिनिटे होता, चार तासांहून अधिक चालून! “झाटोपेक आमच्यासारखा नव्हता,” आजोबा म्हणाले, “तो देवाघरून आला होता. दोलेझाल माणूस होता. चालतो कोण? सगळेच चालतात. मला वाटलं, हे जमेल.”

मी त्यांना सांगितले, की त्याच हेलसिंकीत, त्याच महिन्यात आमच्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. आणि त्यांच्या प्रवासाच्या पैशांसाठी कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले. बहिणीने भाषांतर केले. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडे पैशांचा प्रश्नच नव्हता. प्रश्न असायचा तो शिक्क्याचा.”

त्यांनी मग युंगविर्थची गोष्ट सांगितली. ती इकडे सर्वांना ठाऊक आहे. स्तानिस्लाव युंगविर्थ हा मध्यम पल्ल्याचा धावपटू. त्याचा बाप राजकीय कैदी, म्हणून हेलसिंकीला जाण्याची परवानगी नाकारली. झाटोपेक म्हणाला, तो नाही तर मीही नाही. आणि विमान सुटले तेव्हा खरोखरच मागे राहिला. सरकारला झाटोपेकची पदके हवी होती. दोघेही मागाहून हेलसिंकीला पोचले. “पण त्यासाठी झाटोपेक असावं लागतं,” आजोबा म्हणाले. “अकराव्या नंबरच्या माणसाला कोण विचारतो? मी आयुष्यभर अकरावा-बारावा होतो.”

1953 सालची आठवण कडू आहे. आजोबांच्या वडिलांनी मोटारसायकलसाठी पैसे साठवले होते. मेच्या अखेरीला राष्ट्राध्यक्ष रेडिओवरून म्हणाले की आपले चलन भक्कम आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. थोड्याच दिवसांत, 1 जूनला, चलन बदलले. माणशी तीनशे क्राउनपर्यंत पाचास एक या दराने नवे पैसे मिळाले, वरच्या रोकडीला पन्नासास एक. पिल्झेनमध्ये कामगार रस्त्यावर आले. आजोबांच्या वडिलांनी आरडाओरड केली नाही. उरलेल्या पैशांत एक सायकलचा पंप आणला, सायकल नसताना. तो पंप अजून घरात आहे.

1955 साली, पंधराव्या वर्षी, आजोबा प्रागच्या स्मीखोव भागातल्या ट्रामच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि पुढे फिटर झाले. ‘तात्रा टी-3’ नावाची ट्राम तिथली. साधारण चौदा हजार डबे त्या जातीचे बांधले, त्यांतले बहुतेक सोव्हिएत युनियनला गेले. प्रागच्या रस्त्यांवर त्या गोल तोंडाच्या लाल-पिवळट गाड्या, काही नव्याने डागडुजी केलेल्या, आजही धावतात. मी त्यांतून हिंडलो होतो. आजोबांना सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, “दार कसं लागत होतं?” दारे ही त्यांची बाजू.

पहिली पाळी सकाळी सहाला. आजोबा घरून साडेचारला निघत आणि व्ल्ताव्हा नदीच्या काठाने वळसा घेऊन दहा किलोमीटर चालत कारखान्यात पोचत. ट्रामच्या कारखान्यातला माणूस ट्रामने येत नाही याची सगळ्यांना मौज वाटे. पाळी दुपारी दोनला सुटली की पुन्हा चालणे. रस्त्यावरची पोरे मागे लागत, कमरेची नक्कल करत. आजोबा म्हणतात, त्यांतली दोघे पुढे त्यांच्याच संघात आली.

संघ म्हणजे कारखान्याचा संघ. साम्यवादी राजवटीने जुन्या व्यायामसंस्था मोडल्या आणि 1950 नंतरच्या काही वर्षांत खेळ कामगार संघटनांना जोडून टाकले. त्यामुळे गंमत झाली : क्लबाचे नाव सांगितले की धंदा कळे. यंत्रकामवाले ‘स्पार्ताक’, खाणवाले ‘बानिक’, रेल्वेवाले ‘लोकोमोटिव्हा’, खाद्यपदार्थवाले ‘स्लावोय’. आपल्याकडची आडनावे जशी. सैन्याचा ‘दुक्ला’ हा सर्वांत तालेवार. तिथले खेळाडू कागदोपत्री सैनिक, पण काम खेळण्याचे. आजोबा तिथवर पोचले नाहीत. त्यांना पाळी भरूनच चालावे लागले. बूट स्कुतेच गावच्या ‘बोटास’ कारखान्याचे, आणि त्यांचा तळ चालण्याच्या शर्यतीला जाड. म्हणून आजोबा फायलीने घासून पातळ करीत. “कारखान्याची फाइल, कारखान्याचा वेळ,” आजी मधेच म्हणाल्या. त्या काळी चेक लोकांत एक वाक्य फार चाले : जो सरकारचं चोरत नाही तो घरच्यांचं चोरतो.

पण आजोबा त्या दिवसांना सरसकट नावे ठेवू देत नाहीत. संघाचा प्रवासखर्च कारखाना देई. डॉक्टर फुकट. उन्हाळ्यात कामगार संघटनेच्या विश्रामगृहात डोंगरात पंधरा दिवस. बेकार कोणी नाही. किंबहुना बेकार असणे हाच गुन्हा होता, खटला होई. मी हे ऐकून हसलो तर आजोबा गंभीरपणे म्हणाले, “हसू नका. दर महिन्याला पगार येणार याची खात्री म्हणजे काय, हे माझ्या नातवाला विचारा.” मला वाटते त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, जसे आजींच्या पुढच्या वाक्यातही होते. त्या म्हणाल्या, “खात्री पुष्कळ गोष्टींची होती. केळी नाताळलाच मिळणार, तीही रांगेत, याचीही होती.”

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहितो आहे तिच्याकडे येतो.

1968 सालचा वसंत चेकोस्लोव्हाकियाला बहारीचा गेला. वर्तमानपत्रे मोकळी झाली, माणसे मोकळी बोलू लागली. 20 ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत युनियन आणि त्याच्या दोस्त राष्ट्रांचे रणगाडे सरहद्द ओलांडून आले. 21 च्या पहाटे आजोबा नेहमीप्रमाणे साडेचारला चालायला निघाले. पुलावर रणगाडा. त्यावर एक पोरसवदा सैनिक, विशीचाही नसेल, त्याने रशियनमध्ये रस्ता विचारला. रशियन भाषा इकडे शाळेत सक्तीची होती. “त्या दिवशी सगळ्या प्रागला रशियन विसरायला झाली,” आजोबा म्हणाले. पुढच्या एक-दोन दिवसांत लोकांनी रस्त्यांच्या पाट्याच काढून टाकल्या. आजोबांना पाट्यांची गरज नव्हती. त्यांना गाव पायांनी पाठ होते. ते वाट काढत कारखान्यात पोचले. सहाला पाच मिनिटे कमी होती. काम झाले नाही.

झाटोपेकने त्या वर्षी सुधारणावाद्यांच्या ‘दोन हजार शब्द’ या जाहीरनाम्यावर सही केली होती. पुढे त्याला पक्षातून आणि सैन्यातून काढले आणि तो वर्षानुवर्षे भूगर्भसंशोधकांच्या टोळीबरोबर जमिनीत भोके पाडत हिंडला. 1971 साली त्याने आपले म्हणणे मागे घेतल्याचे पक्षाच्या वर्तमानपत्रात आले. चार सुवर्णपदकांच्या माणसाची ही कथा.

1970 साली देशभर चौकशा झाल्या. पक्षात, शाळांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत. खोलीत बोलावायचे, टेबलामागे तिघेचौघे, आणि प्रश्न एकच : मित्रराष्ट्रांच्या सैन्याची बंधुभावाची मदत तुम्हांला मान्य आहे का? आजोबा त्या वेळी तीस वर्षांचे, पायांत सर्वांत जोर असण्याचे वय. पुढच्या वर्षी पश्चिम जर्मनीत एक शर्यत होती आणि संघातला एक जण जायबंदी झाल्यामुळे अकराव्या नंबरचे नाव पहिल्यांदाच वर आले होते.

इथवर सांगून आजोबा उठले आणि कॉफी आणायला आत गेले. कॉफी समोर तशीच होती. आजी हळू आवाजात बहिणीला म्हणाल्या, “भाषांतर नीट कर हं.” आजी शाळेत मातृभाषा शिकवीत. चेक भाषा आणि साहित्य. म्हणजे माझ्याच धंद्यातल्या.

“याला सोमवारी विचारलं, मला गुरुवारी. यानं ‘हो’ म्हटलं. मी ‘नाही’ म्हटलं. आधी आम्ही एकमेकांना विचारलंच नव्हतं. संध्याकाळी आम्ही बटाटे सोलत बसलो होतो. हा म्हणाला, मला चालायचं होतं. मी म्हटलं, मलाही शिकवायचं होतं.”

महिन्याभरात आजींना शाळेतून काढले. बाईंना मग स्मीखोवमधल्या बिअरच्या कारखान्यात बाटल्या धुण्याचे काम मिळाले. ते त्यांनी किती वर्षे केले असेल? एकोणीस. ज्यांना त्यांनी व्याकरण शिकवले होते त्यांतली एक मुलगी पुढे त्याच कारखान्यात हिशेबनीस म्हणून आली आणि पगाराच्या पाकिटावर आजींचे नाव लिहिताना दरवेळी लाजे.

“आणि जर्मनीची शर्यत?” मी विचारले.

“तो गेला नाही. गुडघा दुखतो म्हणाला. शर्यतीच्या पंधरा दिवस आधी घरी आला आणि म्हणाला, मी नाव मागं घेतलं, डावा गुडघा गेला. मी रोज रात्री गुडघा शेकायची. मोहरीचा लेप लावायची. दर हिवाळ्यात! 1990 साली संघातला एक जुना सोबती भेटला, त्यानं सांगितलं. गुडघ्याला काही झालं नव्हतं. बाहेर जायची परवानगी आली नाही. कारण कळवलं होतं त्याला : बायकोचं मत. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही.” आजी चष्मा पुसत हसू लागल्या. “एकोणीस वर्षं मी चांगल्या गुडघ्याला शेक दिला!”

आजोबा कॉफीची दुसरी किटली घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळे ऐकले असावे. ते एवढेच म्हणाले, “शेकानं बरं वाटायचं.”

खरे सांगायचे तर आजोबांचे ते ‘हो’ मला ऐकताना खुपले होते. आजींच्या ‘नाही’पुढे ते लहान वाटले. पण मी ज्या खुर्चीत बसलो होतो ती मऊ होती, आणि मला तसा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. आजींना मी विचारले, राग आला नाही का? त्या म्हणाल्या, “आला की! पण कुठला राग आधी काढायचा ते ठरेना. ‘हो’ म्हणाला त्याचा, की खोटं बोलला त्याचा?”

1989 च्या नोव्हेंबरात राजवट कोसळली. पुढल्या वर्षी आजी पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पहिल्या दिवशी खडूने बोटे कोरडी पडली, कारण एकोणीस वर्षे ती ओलीच होती. आजोबांचे उलटे झाले. ट्रामचे काम स्मीखोवमधून हलले, कारखाना पाडला आणि 2001 साली त्या जागी मोठा बाजार उघडला : दुकाने, सिनेमागृहे, सरकते जिने. आजोबा एकदाच गेले. जिथे ट्रामची दारे बसवीत तिथे बुटांचे दुकान आहे म्हणाले. चालण्याच्या शर्यतीचे बूट मागितले, तर विक्रेत्या मुलाला तसला खेळ असतो हेच ठाऊक नव्हते. तो पन्नास किलोमीटरचा प्रकार 2021 च्या टोकियोनंतर ऑलिंपिकमधूनही काढून टाकला, याचे आजोबांना बाजारापेक्षा जास्त दुःख आहे.

मी त्यांना पंढरीच्या वारीबद्दल सांगितले. आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर, लाखो माणसे, म्हातारी-कोतारीसुद्धा, पावसात चालत जातात. आजोबा खुर्चीत पुढे सरकले. “पंच कोण असतो?” पंच नसतो म्हटल्यावर, “मग पहिला कोण आला ते कसं कळतं?” बहिणीने काहीतरी लांबलचक समजावून सांगितले, त्यात विठ्ठल हा शब्द तीनदा आला. आजोबांचे समाधान झाले नाही. पण आजींनी वहीत ते नाव लिहून घेतले आणि त्याला चेक भाषेत षष्ठी कशी लागेल ते लगेच करून पाहिले.

आमची गाडी सहाच्या सुमाराला होती. आजोबा म्हणाले, स्टेशन सात मिनिटांवर आहे. ती त्यांची सात मिनिटे; आमची पंधरा झाली. फुलांच्या घड्याळापाशी पाहतो तो गाडीला तीन मिनिटे उरलेली. बहीण आणि मी धावत सुटलो. आजोबा आमच्या शेजारून कंबर हलवीत, गुडघे सरळ ठेवून, जराही न धापता येत होते, आणि माझ्या पायांकडे बोट दाखवून काहीतरी ओरडत होते. गाडीत बसल्यावर बहिणीला विचारले, काय म्हणत होते?

“म्हणत होते, दोन्ही पाय हवेत, तू केव्हाच बाद झालास.”